पुण्याचे सिमेंट : रेल्वे की ट्रक?

पुणे स्टेशनजवळच्या चौकाला लोक आजही मालधक्का चौक म्हणतात. मात्र शहरातल्या सिमेंट दुकानदाराला माल कशाने येतो असे विचारले, तर उत्तर बहुधा 'ट्रकने' असेच मिळते. मग दोष रेल्वेला देऊन आपण मोकळे होतो. पण हा प्रश्न भाड्याचा कमी आणि भांडवलाचा जास्त आहे, असे आमचे मत आहे.

आधी अंतर पाहू. पुण्याभोवती काळा पाषाण आहे, सिमेंटला लागणारी चुनखडी नाही. म्हणून माल बाहेरूनच येतो. गुजरातच्या किनाऱ्यावरून जहाजाने पनवेलकडे उतरणारे सिमेंट पुण्याला ट्रकनेच आणणे योग्य. अंतर थोडे, आणि बोरघाटात रेल्वेला १:३७ चा चढ असल्याने मागून जादा इंजिने लावावी लागतात. पण कलबुर्गी जिल्ह्यातील वाडी सुमारे ४०० किलोमीटरवर, सोलापूर-दौंडच्या थेट मार्गावर आहे. चंद्रपूर तर त्याहून लांब. एवढ्या अंतरावर टनामागे रेल्वेला डिझेल वा वीज कितीतरी कमी लागते.

तरीही दुकानदार ट्रक का धरतो? सिमेंटवरील सरकारी नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्ण उठले. परमिटचे दिवस गेले, माल दारात मिळू लागला. ट्रकमध्ये साधारण ४०० गोण्या येतात. गोणीला ३५० रुपये धरले, तर १ लाख ४० हजारांत धंदा फिरतो. ४२ वाघिणींच्या रेकमध्ये मात्र सुमारे २,५०० टन, म्हणजे ५० हजार गोण्या असतात. त्याच भावाने ही रक्कम पावणेदोन कोटींवर जाते. शिवाय ठरलेल्या तासांत वाघिणी रिकाम्या न केल्यास डेमरेज आणि धक्क्यावर माल राहिल्यास व्हार्फेज. मालधक्का ते गोदाम, गोदाम ते दुकान अशी हमाली दोनदा. त्यात गोण्या फाटतात, पावसाळ्यात भिजतात, आणि फार दिवस पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद घटते.

एवढे भांडवल लहान दुकानदार आणणार कोठून? कर्ज काढले तर भाड्यात वाचलेले व्याजात जाते. आपल्या वाचकांना व्याजाबद्दल वेगळे सांगण्याची गरज नाही. दीन आणि हिशेब इथे एकच गोष्ट सांगतात.

यावर उपाय भागीदारीचा आहे. वीस-पंचवीस दुकानदारांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे रक्कम घालून कंपनीकडे एकत्र मागणी नोंदवावी, आणि लोणी परिसरात एक कोरडे, सामाईक गोदाम घ्यावे. नफा ठरलेल्या प्रमाणात, तोटा भांडवलाच्या प्रमाणात. मुशारकेचे हे तत्त्व आपल्याला नवे नाही. करार मात्र लेखी हवा आणि हिशेब दरमहा सर्वांसमोर मांडला जावा. तोंडी विश्वासावर उभ्या राहिलेल्या किती भागीदाऱ्या भाऊबंदकीत बुडाल्या, हे आपण पाहिले आहे.

यात ट्रकवाल्या बांधवांचे काय, असा प्रश्न येईल. त्यांची लांबची खेप जाईल हे खरे. पण गोदामापासून बांधकामापर्यंत माल न्यायला गाडी लागणारच. शहरात जड वाहनांना ठराविक वेळी बंदी असते, तेव्हा लहान गाडीला काम मिळते आणि चालक रात्री घरी येतो. मात्र ट्रकमालकांनाही भागीदारीत घेतले पाहिजे, नाहीतर त्यांचा विरोध रास्त ठरेल.

शेवटी हमालाचा विचार. ५० किलोची गोणी पाठीवर आणि सिमेंटची धूळ छातीत घेऊन तो हा धंदा चालवतो. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याला नोंदणी आणि भविष्य निर्वाह निधीसारखे हक्क दिले आहेत. लेव्ही चुकवून वाचवलेला पैसा म्हणजे नफा नव्हे. त्याचा हक्क आधी बाजूला काढून मग रेल्वे आणि ट्रकचा हिशेब मांडावा. तेव्हाच त्या रोजीत बरकत येईल, इन्शाअल्लाह.