अटॅचमेंट उघडणारा गुन्हेगार नसतो

माझी भाची पुण्यात एका खासगी कंपनीत नोकरी करते. तिथल्या आयटी विभागाने मध्यंतरी सगळ्या कर्मचाऱ्यांना परीक्षा म्हणून एक बनावट मेल पाठवला. पगारवाढीचं पत्र सोबत जोडलं आहे, असं त्यात लिहिलं होतं. ज्यांनी ते उघडलं त्यांची नावं पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर पडद्यावर दाखवली. भाचीच्या शेजारी बसणाऱ्या मुलीचं नाव त्यात होतं. नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी. एचआरच्या नावाने पत्र आलं आणि तिने ते उघडलं. दुसरं काय करायला हवं होतं तिने?

हे ऐकून मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. अशा वागणुकीने काय होतं हे मी पूर्वी पाहिलं आहे.

२००० साली मी मुंबईत लोअर परळला, कापड निर्यात करणाऱ्या एका कंपनीच्या ईडीपी विभागात होते. संगणक, मेल सर्व्हर, प्रिंटर, बॅकअपच्या टेप हे सगळं आमच्याकडे. ४ मे, गुरुवार. मनिलाहून निघालेला ‘आय लव्ह यू’ नावाचा वर्म त्या दिवशी आमच्या कार्यालयात शिरला. वर्म म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर स्वतःच स्वतःच्या प्रती पाठवत जाणारा प्रोग्राम. डॉक्युमेंटेशन विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना आमच्याच एका मर्चंडायझरच्या नावाने मेल आला. सोबत एक फाइल होती, ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी’. टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर, त्यापासून काही धोका नाही, हे आम्हीच सगळ्यांना शिकवलेलं. त्यांनी फाइल उघडली.

फाइलचं पूर्ण नाव मात्र तेवढंच नव्हतं. टीएक्सटीच्या पुढे आणखी एक टिंब आणि ‘व्हीबीएस’ ही अक्षरं होती. म्हणजे ती फाइल मजकुराची नव्हती, व्हिज्युअल बेसिक स्क्रिप्टमध्ये लिहिलेला तो प्रोग्राम होता. ती शेवटची अक्षरं त्यांना दिसली नाहीत, कारण ओळखीच्या प्रकारच्या फाइलचं शेपूट लपवायचं, असं विंडोजने कारखान्यातूनच ठरवून पाठवलेलं होतं. त्यावर डबल क्लिक केलं की विंडोज काही न विचारता तो प्रोग्राम चालवत असे. मग प्रोग्रामने आउटलुकला सांगितलं, तुझ्या यादीत जेवढे पत्ते आहेत तेवढ्यांना मला पाठव. आउटलुकनेही कुणाला न विचारता पाठवलं. आमच्या यादीत ‘सर्व कर्मचारी’ असा एक सामाईक पत्ता होता, न्यूयॉर्क आणि हॅम्बुर्गचे खरेदीदार होते, शिपिंग एजंट होते, बँकेतले अधिकारी होते. सगळ्यांना आमच्या कंपनीकडून प्रेमपत्र गेलं.

पाहता पाहता सर्व्हर गुदमरला. आम्ही नेटवर्कच्या वायरी उपटल्या, व्हीएसएनएलची इंटरनेटची लाइन बंद केली. तोवर वर्मने डिस्कवर फिरून आपलं दुसरं काम केलं होतं. जेपीजी फाइल दिसली की तिच्यात तो स्वतःचाच मजकूर भरत असे, पुढे व्हीबीएस जोडत असे आणि मूळ फाइल नाहीशी करत असे. पुन्हा कुणी चित्र बघायला गेलं की वर्म परत सुरू. एमपीथ्री गाणी मात्र तो फक्त लपवून ठेवत असे, त्यामुळे कार्यालयातल्या संगणकांवरची गाणी सगळी परत मिळाली. गेले ते आमचे डिझाइनचे स्कॅन. खरेदीदारांनी मंजूर केलेले छापाचे नमुने, रंगसंगती, सगळं जेपीजीत होतं. त्यातलं जुनं टेपवरून आलं. ताजं काम नमुने पुन्हा स्कॅन करून उभं करावं लागलं, आणि ज्यांचे नमुने हाताशी नव्हते ते खरेदीदारांकडून परत मागवावे लागले. या वर्मने जगभरात साडेचार कोटींच्या आसपास संगणक गाठले असं त्या वेळी सांगितलं गेलं, नुकसानीचे अंदाज पाच ते दहा अब्ज डॉलरच्या घरातले होते. असल्या अंदाजांवर माझा फारसा विश्वास नाही. नुकसान कसं असतं ते मी पाहिलंय: बंदरावर माल पडून आहे आणि एल.सी.ची, म्हणजे बँकेच्या पतपत्राची, दुरुस्ती ज्या मेलने यायची तो मेल बंद आहे.

त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना मेमो मिळाला. कारण दिलं होतं ‘निष्काळजीपणा’. त्यांनी सही करून घेतला. आयुष्यभर शिपिंग बिलात एका आकड्याची चूक न केलेला माणूस. त्यानंतर कार्यालयात ‘प्रेमपत्र आलं का हो?’ अशी थट्टा बरेच दिवस चालली आणि ते मान खाली घालून काम करत राहिले. त्याच दिवशी लंडनमध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या हाउस ऑफ कॉमन्सला आपली मेलव्यवस्था काही तास बंद ठेवावी लागली होती. अमेरिकेच्या संरक्षण खात्यात आणि सीआयएमध्येही तो वर्म शिरला होता. पोस्टमनने आणून दिलेलं, ओळखीच्या अक्षरातलं पाकीट फोडलं म्हणून आपण कुणाला दोषी धरत नाही. इथे धरलं.

लोक मोहाला बळी पडतात म्हणून वर्म पसरतात, असं अजूनही मोठ्या खात्रीने सांगितलं जातं. मला हे मान्य नाही. ‘आय लव्ह यू’च्या आदल्या वर्षी, मार्च १९९९ मध्ये, ‘मेलिसा’ आला होता. त्यात प्रेमाचा शब्द नव्हता. ‘अमुककडून महत्त्वाचा निरोप’ असा विषय, अमुकच्या जागी खरंच ओळखीच्या माणसाचं नाव, आणि आत ‘तुम्ही मागितलेला दस्तऐवज हा’ अशा अर्थाचं एक वाक्य. सोबत वर्डची फाइल. ती उघडली की आतला मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच ठेवलेला छोटा प्रोग्राम, यादीतल्या पहिल्या ५० पत्त्यांना स्वतःला पाठवत असे. जानेवारी २००४ मधला ‘मायडूम’ तर मेल पोचला नसल्याची तांत्रिक सूचना असावी, असा वेश घेऊन येई. ऐन भरात असताना दर बारा मेलमागे एक मायडूमचा होता. मागितलेला कागद उघडणं, परत आलेला मेल का परत आला ते पाहणं, याला मोह म्हणत नाहीत. कारकुनाला त्याचाच पगार मिळतो. हे वर्म माणसाच्या कामसूपणावर आणि सहकाऱ्यावरच्या विश्वासावर स्वार होऊन फिरले, आणि या दोन्ही गोष्टींशिवाय कुठलंही कार्यालय चालत नाही.

आता मेमोचा परिणाम. २००२ साली आमच्याकडे ‘क्लेझ’ नावाचा वर्म आला. तो संसर्ग झालेल्या यंत्रावर सापडलेल्या पत्त्यांपैकी कुणाचंही नाव पाठवणारा म्हणून लावत असे, त्यामुळे ज्याच्या नावाने मेल आला त्याचा संगणक स्वच्छ असायचा आणि बोलणी त्यालाच बसायची. इंटरनेट एक्सप्लोररमधली एक फट वापरून, नुसत्या मेलच्या पूर्वदर्शनानेही तो सुरू होऊ शके. क्लिक करायचीसुद्धा गरज नाही. ती फट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने २००१ सालीच दिली होती, ती सगळ्या संगणकांवर चढवणं आमच्या विभागाच्या यादीत होतं आणि वरून त्यासाठी वेळ मिळत नव्हता. एका शनिवारी दुपारी अकाउंट्समधल्या एका मुलाच्या संगणकावर काहीतरी विचित्र घडलं. त्याच्या लक्षात आलं. पण दोन वर्षांपूर्वीचा मेमो त्याने पाहिला होता. तो कुणाशी काही बोलला नाही, संगणक तसाच चालू ठेवून घरी गेला. सोमवारी आम्ही पोचलो तेव्हा क्लेझने सामाईक फोल्डरांमध्ये आपल्या प्रती टाकल्या होत्या आणि बऱ्याच यंत्रांवरचं अँटिव्हायरस बंद पाडलं होतं. शनिवारी दुपारी एक फोन आला असता तर एका संगणकावर निभावलं असतं. त्या मुलाला मी दोष दिला नाही, आजही देत नाही. मेमो काढणाऱ्यांनी त्याला गप्प बसायला शिकवलं होतं.

मग दोष कुणाचा? वर्म लिहिणाऱ्याचा, हे उघड आहे. मेलिसा सोडणाऱ्या डेव्हिड स्मिथला अमेरिकेत २० महिन्यांची कैद झाली. ‘आय लव्ह यू’चा कर्ता ओनेल दे गुझमान मात्र सुटला, कारण फिलिपिन्समध्ये त्याला लागू होईल असा कायदाच नव्हता. ऑगस्ट २००० मध्ये आरोप मागे घेतले गेले. भारतातही ४ मेच्या त्या दिवशी असा कायदा नव्हता. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली ९ जूनला आणि तो लागू झाला १७ ऑक्टोबरपासून. पुढे बऱ्याच वर्षांनी दे गुझमान मनिलात मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यावर एका ब्रिटिश पत्रकाराला सापडला, आणि वर्म आपणच सोडल्याचं त्याने कबूल केलं. इंटरनेटला पैसे नव्हते, इतरांचे पासवर्ड मिळवायचे होते, असं त्याचं म्हणणं. मायडूमच्या कर्त्यावर अडीच लाख डॉलरचं बक्षीस लावूनही तो कधीच सापडला नाही.

पण लिहिणारा एक असतो आणि दारं उघडी ठेवणारे पुष्कळ. ज्या सोयीमुळे मेलिसा पसरला ते वर्डचे मॅक्रो, इंटरनेटवरून आलेल्या फाइलमध्ये आपोआप बंद राहतील अशी व्यवस्था मायक्रोसॉफ्टने केली २०२२ साली. मधे तेवीस वर्षं गेली. ‘आय लव्ह यू’ जिच्यात लिहिला होता ती व्हीबीस्क्रिप्ट निवृत्त करणार असल्याचं जाहीर झालं २०२३ मध्ये. आणि फाइलचं शेपूट? नवा संगणक विकत आणा, विंडोज ११ सुरू करा, ते अजूनही लपवलेलंच असतं. या एका गोष्टीबद्दल कुठल्या अधिकाऱ्याला मेमो मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. हे मी कडवटपणाने लिहिते आहे, आणि तसंच वाचलं जावं.

‘अनोळखी मेल उघडू नका’ ही शिकवणही आता पुरेशी नाही. ‘इमोटेट’ नावाच्या घातक प्रोग्रामने काय केलं पाहा. तो संसर्ग झालेल्या संगणकावरचा खरा पत्रव्यवहार चोरत असे आणि त्याच पत्रव्यवहाराच्या साखळीत उत्तर म्हणून घुसत असे. तुम्ही लिहिलेलं मागचं पत्र खाली, वर समोरच्याचं नाव, मधे एक जोडलेली फाइल. अनोळखी काय होतं त्यात? जानेवारी २०२१ मध्ये युरोपोल आणि अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचं जाळं तोडलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात तो परत आला. आणि आता आपल्या घराघरात व्हॉट्सअपवर लग्नाच्या पत्रिकेच्या नावाने एपीके फाइल, म्हणजे फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल, येते, आरटीओच्या चलनाच्या नावाने येते. ती येते काकांच्या किंवा मावसबहिणीच्या नंबरवरून, कारण त्यांचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. बँकेतले पैसे गेल्यावर घरातल्याच लोकांकडून त्या माणसाने काय काय ऐकून घ्यायचं!

भाचीच्या कंपनीसारख्या सगळ्या कंपन्यांना, आणि सरकारी कार्यालयांनाही, माझं सांगणं आहे की ती पडद्यावरची नावं आधी पुसा. बनावट मेलची परीक्षा घ्यायची तर घ्या, पण किती जणांनी उघडला हे मोजू नका, उघडल्यावर किती जणांनी आणि किती मिनिटांत कळवलं ते मोजा. कळवणाऱ्याला शिक्षा होणार नाही हे लेखी द्या, त्यावर व्यवस्थापकीय संचालकांची सही असू द्या. प्रत्येक संगणकावर फाइलचं पूर्ण नाव दिसेल अशी मांडणी आयटी विभागाला एका दुपारी करता येते, स्क्रिप्ट आणि मॅक्रो ज्यांना लागत नाहीत त्यांच्यासाठी ते बंद करता येतात. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवणं बंधनकारक आहे. ज्या मुलीचं नाव पडद्यावर दाखवलं, तिच्यासमोर पुढच्या वेळी खरा हल्ला आला, तर त्या सहांपैकी पहिला तास ती कुणाला फोन करण्यात घालवेल, की पुरावा पुसण्यात?