जुना लॅपटॉप : दुरुस्ती की निवृत्ती?

२०२५ च्या दिवाळीत मी दिल्लीहून इंदूरला दादाकडे गेलो, तेव्हा वहिनींनी फराळाच्या ताटाबरोबर घरातला लॅपटॉपही माझ्या पुढ्यात ठेवला. "भाऊजी, तुम्ही एकदा सांगूनच टाका. हे म्हणतात, भंगारात द्या. चिरंजीव म्हणतात, एक्स्चेंजमध्ये द्या. माझं मात्र सगळं यातच आहे."

लॅपटॉप २०१७ सालचा. वहिनी अकरावी-बारावीच्या मुलांच्या अकाउंट्सच्या शिकवण्या घेतात. त्यांच्या नोट्स, प्रश्नपत्रिका, टॅलीचे सराव सारे त्यात साठवलेले. आमचे नाना जाण्यापूर्वी सगळे मिळून ओंकारेश्वरला गेलो होतो, ते फोटोही त्यातच. दुसरी प्रत कुठेच नाही. बटण दाबून चहा टाकावा, तर चहा पिऊन झाला तरी लॅपटॉप कामाला तयार होत नसे. भरीस भर म्हणून विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपल्याची सूचना झळकत होती. चिरंजीवांनी पसंत केलेला नवा लॅपटॉप ५८ हजारांचा होता, आणि ते पैसे वहिनींच्या रिकरिंगमधून जायचे होते. ते रिकरिंग मुळात याच चिरंजीवांच्या कॉलेजप्रवेशासाठी लावलेले!

लॅपटॉप संथ झाला की आपण तो म्हातारा झाला असे म्हणून मोकळे होतो. पण सगळे भाग एकाच वेळी थकत नाहीत. नेमके काय थकले आहे ते घरबसल्या पाहता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क किती टक्के गुंतली आहेत ते दिसते. वहिनींच्या लॅपटॉपची डिस्क १०० टक्क्यांवर अडकली होती, मेमरी जवळजवळ भरलेली होती, आणि प्रोसेसर मात्र जवळपास रिकामा बसला होता. म्हणजे स्वयंपाकी तयार, पण कोठीतून सामानच येत नाही!

त्याचे कारण सोपे आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी फिरत असते, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५,४०० वेळा. एक बारीक दांडी तिच्यावर इकडून तिकडे सरकत माहिती शोधते. मेमरी ४ जीबीच असली की ती लवकर भरते, उरलेला पसारा विंडोज याच डिस्कवर टाकते आणि दांडीची धावपळ आणखी वाढते. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. म्हणून तबकडीच्या जागी एसएसडी बसवली की त्याच लॅपटॉपमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मेमरी वाढवता येईल का, हे टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स या भागात कळते. किती खाचा आहेत व किती भरल्या आहेत, ते तिथे लिहिलेले असते. काही पातळ लॅपटॉपांत मेमरी बोर्डावरच डाख देऊन बसवलेली असते. तिथे हात टेकावे.

पण स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी एक काम. वहिनींच्या डिस्कमधून मधूनच टक-टक आवाज येत होता. डिस्क कधीही दगा देईल याची ती खूण असते. नरकचतुर्दशीची अख्खी संध्याकाळ आम्ही फोटो आणि नोट्स बाहेरच्या डिस्कवर उतरवण्यात घालवली. नानांचा घाटावरचा फोटो उघडला, तेव्हा दादाने "भंगार" हा शब्द पुन्हा काढला नाही.

पाडव्यानंतर बाजारात गेलो. पहिल्या दुकानदाराने लॅपटॉप न उघडताच "नवाच घ्या" असा सल्ला दिला. दुसऱ्याने ५०० जीबीची एसएसडी ३,१०० रुपयांना, ४ जीबी मेमरी १,३०० रुपयांना आणि मजुरी ५०० असे वेगवेगळे भाव सांगितले. एकूण ४,९००. तुम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा, दिल्लीच्या नेहरू प्लेसला जा किंवा चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर. भाव असा फोडूनच मागा, बिल घ्या आणि काढलेली जुनी डिस्क परत मागायला विसरू नका. तिच्यात तुमचा सारा संसार असतो.

सगळेच लॅपटॉप असे वाचवण्याजोगे नसतात. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, तर वापर ताबडतोब थांबवून बॅटरी आधी काढून घ्यावी. मदरबोर्डच गेला असेल, किंवा एकूण खर्च नव्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यावर जात असेल, तर मी तरी दुरुस्तीच्या फंदात पडणार नाही.

राहिली विंडोजची सूचना. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आणि वहिनींचा सातव्या पिढीचा. थोडक्यात हुकला! विंडोज १० वर घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळण्याची सोय कंपनीने ठेवली होती, ती आम्ही लगेच करून घेतली. पुढे लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली घालता येते, आणि नुसते टायपिंग, ई-मेल नि बँकेचे काम असेल तर ती पुरते. पण टॅली तिच्यावर सरळ चालत नाही, त्यामुळे वहिनींना ती चालणार नाही. तेव्हा मी त्यांना खरे तेच सांगितले : या ४,९०० रुपयांत फार तर वर्षभर मिळते आहे. एसएसडी मात्र वाया जात नाही. थोडक्या पैशांची पेटी घेऊन ती पुढे बाहेरची डिस्क म्हणून वापरता येते.

ते वर्ष महत्त्वाचे होते. चिरंजीव बारावीत होते. प्रवेश कुठल्या शाखेला मिळतो त्यावर लॅपटॉप कसा लागेल हे ठरते. डिझाइनला गेला तर वेगळे ग्राफिक्स कार्ड हवे, कॉमर्सला त्याची गरज नाही. प्रवेशाआधी ५८ हजार घालणे मला पटले नाही. "काका, तुम्ही आईच्याच पक्षाचे," असे म्हणून तो दोन दिवस घुश्शात होता.

तो अगदीच चुकला होता असे नाही. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव भराभर चढले आणि नव्या लॅपटॉपच्या किमतीही वर सरकल्या. एके दिवशी त्याचा फोन आला : "काका, तोच लॅपटॉप आता महाग झालाय." मी काही बोलणार, तोच मागून वहिनींचा आवाज आला, "फोन ठेव आता, माझी मुलं आलीत. आणि लॅपटॉप इकडे दे."