तक्ता एकच कशाला?

आवर्तसारणी म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. दोन्ही टोकांना उंच बुरूज, मध्ये सखल तटबंदी आणि तळाशी वेगळ्या काढून ठेवलेल्या दोन ओळी. शाळेच्या भिंतीवरचा हा तक्ता इतका अंगवळणी पडलाय की निसर्गानेच तो तसा छापून पाठवला असावा असं वाटतं. माझं म्हणणं असं की हा तक्ता म्हणजे डेटा नाही, डेटाचा एक व्ह्यू आहे. आणि मुलांना एकच व्ह्यू दाखवला की ती त्यालाच डेटा समजतात.

मूळ डेटा काय? 118 मूलद्रव्यं आणि प्रत्येकाचा अणुक्रमांक, म्हणजे आमच्या भाषेत प्रायमरी की. ही रांग कुठेही तुटत नाही. ठरावीक अंतराने गुणधर्म पुन्हा डोकावतात. एवढंच निसर्गाचं! रांग कुठे मोडून नवी ओळ सुरू करायची, ते आपण ठरवतो. निऑन 10, सोडियम 11, अगदी सख्खे शेजारी. तक्त्यात मात्र एक या टोकाला, दुसरं त्या टोकाला.

न मोडताही ही रांग दाखवता येते. मेंडेलीव्हच्या सात वर्षं आधी, 1862 मध्ये, द शांकूर्तुआ या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाने मूलद्रव्यं एका नळकांड्यावर मळसूत्रासारखी गुंडाळली. सारख्या गुणांची मूलद्रव्यं एकाखाली एक आली. पण निबंध छापताना नेमकी आकृतीच गळली, आणि रसायनशास्त्रज्ञांनी तिकडे फारसं लक्षच दिलं नाही. मांडणी म्हणजे नुसती सजावट असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पुढे 1964 मध्ये थिओडोर बेन्फी यांनी सर्पिलाकार तक्ता केला. हायड्रोजन मध्यभागी, आणि लँथनाइड-ॲक्टिनाइड तळघरात न ढकलता त्याच सलग रांगेत.

शार्ल जाने या फ्रेंच इंजिनिअरचा 1928 चा तक्ता मला सगळ्यात आवडतो. नेहमीच्या ओळींची लांबी 2, 8, 8, 18, 18, 32, 32. जाने यांच्याकडे 2, 2, 8, 8, 18, 18, 32, 32. सगळ्या जोड्या! पण त्याची किंमत आहे. हेलियम बेरिलियमच्या डोक्यावर जाऊन बसतो. इलेक्ट्रॉन मोजणारा म्हणेल बरोबर आहे, दोघांच्याही बाहेरच्या कवचात दोनच. प्रयोगशाळेत काम करणारा म्हणेल, कुणाशी संयोग न पावणारा वायू धातूंच्या घरात कशाला? दोघंही खरं बोलताहेत. प्रश्न वेगळे आहेत.

मग कुठलीही मांडणी चालेल का? मुळीच नाही. मेंडेलीव्हने मोकळ्या सोडलेल्या जागांवर 1875 मध्ये गॅलियम आणि 1886 मध्ये जर्मेनियम येऊन बसलं. अणुभार जास्त असूनही टेल्युरियम त्याने आयोडीनच्या आधी ठेवलं. मोझलीने 1913 मध्ये दाखवलं की खरी की अणुभार नाहीच, आपण ज्याला अणुक्रमांक म्हणतो तो आहे. म्हणजे निसर्ग काही ठिकाणी ठाम ‘नाही’ म्हणतो आणि काही ठिकाणी निवड आपल्यावर सोडतो. हा फरक कळणं हेच खरं विज्ञानशिक्षण.

‘पोरांचा गोंधळ वाढेल हो’, हा आक्षेप मला ठाऊक आहे. भिंतीवरचा तक्ता सुटसुटीत आहे, कागदावर मावतो, तो काढून टाका असं मी म्हणत नाहीये. पण तिसऱ्या गणात लँथनम हवं की लुटेशियम, यावर तज्ज्ञांचा वाद अनेक दशकं चालला. आयुपॅकच्या गटाने 2021 च्या प्राथमिक अहवालात लुटेशियमची शिफारस केली, तीसुद्धा यात संकेताचा भाग आहे हे मान्य करून. तज्ज्ञांना जे मोकळेपणाने सांगता येतं, ते दहावीच्या मुलांपासून का लपवायचं?

साधा उपाय सुचवतो. तक्ता दाखवण्याआधी पहिल्या 20 मूलद्रव्यांची पत्त्यांसारखी कार्डं मुलांच्या हातात द्या आणि म्हणा, लावा बघू. हायड्रोजन कुठे ठेवायचा यावरून वर्गात भांडण झालं, तर समजा तास कारणी लागला.