वर म्हणजे नेमके कुठे?

१/१६
पुण्याहून मुंबईला येणारी गाडी बोरघाट उतरते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या शहरातून निघून ती थेट समुद्राकाठी पोहोचते. तरीही मध्य रेल्वेच्या लेखी ती 'अप' गाडी असते आणि तोच घाट धापा टाकत चढून पुण्याकडे जाणारी गाडी 'डाउन'. डोंगर एक सांगतो आणि वेळापत्रक नेमके त्याच्या उलट. ही केवळ रेल्वेची गंमत नव्हे. भाषा 'वर' म्हणते तेव्हा ती कशाच्या वर म्हणते आणि ते ठरवते कोण, हा फार जुना प्रश्न तीत दडलेला आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/१६
माझे मत आरंभीच मांडतो. 'वर' हा शब्द प्रथम भूगोलाने घडवला, पुढे सत्तेने तो आपल्याकडे ओढून घेतला आणि ही ओढाताण झाल्याचे आपण विसरून गेलो. चिनी लिपीतील 'वर' या अर्थाचे चिन्ह पाहावे. त्याचे प्राचीन रूप अगदी साधे होते : एक लांब रेघ आणि तिच्या वरच्या बाजूला एक आखूड रेघ. आखूड रेघ लांब रेघेखाली काढली की अर्थ 'खाली'. त्या लिपिकाराला जे उमगले होते, ते आपण ध्यानात ठेवावे : आधी कोणीतरी रेघ ओढावी लागते, मगच वर आणि खाली जन्माला येतात.

३/१६
प्रथम आपल्या शब्दाचे कूळ पाहू. मराठी 'वर' संस्कृत 'उपरि'पासून आला. त्याचेच भाऊबंद म्हणजे ग्रीक 'हुपेर', लॅटिन 'सुपर', जर्मन 'यूबर' आणि इंग्रजी 'ओव्हर'. म्हणजे 'टेबलावर' मधील 'वर' आणि 'सुपरस्टार' मधील 'सुपर' ही एकाच घराण्याची लेकरे. लॅटिनमध्ये या शब्दाचा विस्तार पाहण्याजोगा आहे. 'सुपीरिअर' म्हणजे अधिक वरचा, 'सुप्रीम' म्हणजे सर्वांत वरचा. पण 'सुपर्बुस' म्हणजे उद्धट, गर्विष्ठ. परंपरेनुसार रोमनांनी इसवी सनपूर्व ५०९ मध्ये हाकलून दिलेल्या अखेरच्या राजाला, टार्क्विनियसला, हेच बिरुद चिकटले. वर असणे आणि वरचढपणा करणे यांतला फरक त्या भाषेने त्याच धातूतून नोंदवून ठेवला.

४/१६
आता भूगोलाकडे वळू. तमिळमध्ये 'मेल्' म्हणजे वर आणि 'कीळ्' म्हणजे खाली. पश्चिमेला तमिळमध्ये म्हणतात 'मेर्कु' आणि पूर्वेला 'किळक्कु'. म्हणजे पश्चिम ही वरची दिशा आणि पूर्व ही खालची. कारण उघड आहे. तमिळ प्रदेशाच्या पश्चिमेला सह्याद्रीची दक्षिणेकडील रांग उभी आहे आणि तेथून जमीन पूर्वेच्या समुद्राकडे उतरत जाते. कावेरी ज्या उतारावरून वाहते, तोच उतार तमिळ दिशांच्या नावांत उतरला आहे. येथे 'वर' या शब्दात ना मान आहे, ना अपमान. पाणी कोणीकडून कोणीकडे जाते, एवढेच तो सांगतो.

५/१६
खरी मौज पुढे आहे. डोंगर ओलांडून केरळात उतरलो की सारे उलटते. तेथे डोंगर पूर्वेला आणि समुद्र पश्चिमेला. तरीही मल्याळममध्ये पूर्वेला 'किळक्कु' म्हणजे 'खालची' दिशाच म्हणतात! समोर उंच कडे दिसत असताना त्या बाजूला खालची म्हणायचे. रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ मधील आपल्या द्राविडी भाषांच्या व्याकरणात या विसंगतीवर बोट ठेवले आणि हे शब्द डोंगराच्या पूर्वेकडे घडले व नंतर पश्चिमेकडे आले, असे अनुमान काढले. पश्चिमेसाठी मात्र मल्याळमने सूर्यास्तावरून नवा शब्द योजला. भाषा स्थलांतर करते तेव्हा जुन्या गावचा उतार सोबत नेते, तो असा.

६/१६
इजिप्तमध्ये हे काम डोंगराने नव्हे, तर नदीने केले. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. म्हणून 'वरचा इजिप्त' दक्षिणेला आणि 'खालचा इजिप्त' उत्तरेला. उत्तर वर असलेले नकाशे पाहण्याची सवय जडलेल्या आपल्या डोळ्यांना हे अवघड जाते. प्राचीन इजिप्शियन भाषेत 'दक्षिणेकडे जाणे' आणि 'प्रवाहाविरुद्ध जाणे' यांना एकच क्रियापद होते. चित्रलिपीत त्यासाठी शीड उभारलेली नाव काढीत, कारण वारा उत्तरेकडून वाहत असे. उत्तरेकडे, म्हणजे प्रवाहाबरोबर जाण्यासाठी शीड उतरवलेली नाव. अवघ्या जगाचा आडवा-उभा एका नदीने ठरवून टाकला होता.

७/१६
मग एके दिवशी ही माणसे दुसऱ्या नदीपाशी पोहोचली. इसवी सनपूर्व १५०० च्या सुमारास राजा पहिला थुतमोस याची स्वारी युफ्रेटिसपर्यंत गेली. ती नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारी. नुबियातील टोम्बोस येथील त्याच्या शिलालेखात तिचे वर्णन 'उलटे पाणी' अशा आशयाचे आहे : प्रवाहाविरुद्धच्या दिशेने जाऊनही प्रवाहाबरोबर जाणारे. नदी अर्थातच उलटी नव्हती, मोजपट्टी नाईलची होती. आपले 'वर' हेच सर्वांचे 'वर' असे गृहीत धरणाऱ्याला परक्याची नदी नेहमीच उलटी वाहताना दिसते. इतिहास वाचताना हा शिलालेख मला वारंवार आठवतो.

८/१६
आपल्या मातीतही असे ठसे आहेत. फारसीत 'बाला' म्हणजे वर. गडाच्या सर्वांत उंच, स्वतंत्र तटबंदीच्या भागाला आपण 'बालेकिल्ला' म्हणतो, तो याच शब्दावरून. राजगडाचा बालेकिल्ला चढताना दम लागतो, तेव्हा आपण एका फारसी शब्दाचा अर्थ पायांनी समजून घेत असतो. वऱ्हाडचे दोन भागही असेच ओळखले जात : पूर्णेच्या खोऱ्याचा सखल प्रदेश तो पाईनघाट, तर अजिंठ्याच्या रांगेवरचा उंच मुलूख तो बालाघाट. 'पाईन' म्हणजे खालचा. सारा गोळा करणाऱ्यांचे हे शब्द डोळ्यांना दिसणाऱ्या उंचीला धरून होते. येथवर भाषा आणि भूमी यांचे भांडण नाही.

९/१६
भांडण सुरू होते ते राजधानीपाशी. जपानमध्ये सम्राट क्योटोत राहत असे. म्हणून क्योटोकडे जाणे म्हणजे 'वर जाणे'. त्या परिसराचे नावच 'कामिगाता', म्हणजे वरचा प्रदेश. १५६८ मध्ये ओदा नोबुनागा सैन्यासह क्योटोला गेला, त्याला जपानी इतिहासात 'जोराकु' म्हणतात. अर्थ राजधानीकडे चढून जाणे. प्रत्यक्षात त्याचा गिफूचा किल्ला डोंगरमाथ्यावर होता आणि क्योटो सखल खोऱ्यात! पुढे १८६८ मध्ये एदोचे तोक्यो झाले, सम्राट तेथे गेला आणि त्याच्यापाठोपाठ 'वर' हा शब्दही तेथे गेला. आज जपानी रेल्वेत तोक्योकडे जाणारी गाडी 'चढती' आणि तोक्योहून निघणारी 'उतरती'. डोंगर जागचे हलले नाहीत, सिंहासन हलले.

१०/१६
आता आपली 'अप' गाडी समजते. ब्रिटनमध्ये लंडनकडे जाणारी दिशा 'अप' मानण्याचा प्रघात होता. तो रूळांबरोबर येथे आला. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा सह्याद्रीच्या माथ्यावरून खाली उतरणाऱ्या गाडीला 'वर' जाणारी ठरवले गेले, कारण खाली मुंबई होती. त्याच मुंबईत घाटावरून, म्हणजे अक्षरशः वरून, आलेल्या कष्टकऱ्याला 'घाटी' म्हणून हिणवले गेले. उंचावरचा माणूस शहरात येताच खालचा झाला! एका शब्दात भूगोलाचा आणि सत्तेचा असा उघड तंटा क्वचितच सापडतो.

११/१६
भाषांच्या नावांतही हेच घडते. जर्मन भाषेच्या दक्षिणेकडील, आल्प्स आणि मध्यवर्ती डोंगराळ भागातील बोलींना 'होखडॉइच', म्हणजे उंचावरची जर्मन म्हणत. उत्तरेच्या सखल किनारपट्टीवरील ती खालची जर्मन. अर्थ केवळ जमिनीच्या उंचीचा. ही 'खालची' जर्मन एके काळी हान्सा व्यापारी संघाची प्रतिष्ठित भाषा होती. पुढे ल्यूथरचे बायबल 'उंच' गटातील भाषेत आले, १५३४ मध्ये ते पूर्ण झाले, आणि छापखान्याने ती भाषा सर्वदूर नेली. हळूहळू 'होखडॉइच' याचा रूढ अर्थ 'प्रमाण, शुद्ध जर्मन' असा झाला. आता आल्प्सच्या कुशीतला शेतकरी आपली बोली बोलतो, तेव्हा तो 'उंच' जर्मन बोलत नाही असे मानले जाते. डोंगरावरचा मान खालच्या शहरांनी नेला.

१२/१६
काळाचे काय? संस्कृतात 'उत्तर' म्हणजे मूळचा 'अधिक वरचा'. हिमालयाकडची बाजू उंच, म्हणून ती उत्तर दिशा. तोच शब्द काळाला लावला की अर्थ 'नंतरचा' : उत्तरार्ध, उत्तरकाल. चिनी भाषेत मात्र नेमके उलट. तेथे गेलेला महिना 'वरचा' आणि येणारा महिना 'खालचा'. वरून खाली लिहिण्याच्या पद्धतीशी याचा संबंध अनेक जण जोडतात. मराठी तर दोन्ही पंगतींना बसते : 'उत्तरार्ध' नंतरचा, पण 'वरील परिच्छेद' आधीचा. म्हणजे वरचे ते आधीचे की नंतरचे, याबाबतही मानवजातीचे एकमत नाही.

१३/१६
येथे एक रास्त आक्षेप येऊ शकतो. माणूस दोन पायांवर उभा राहतो, रास वाढली की उंच होते, आजारी माणूस आडवा पडतो. मग 'वर' म्हणजे अधिक किंवा चांगले, हे स्वाभाविकच नव्हे काय? जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये या धर्तीची मांडणी केली आणि तीत तथ्य आहे. गुरुत्वाकर्षण सर्वांना सारखेच आहे. परंतु त्यातून निघते ते इतकेच, की उंचीची उपमा माणसाला सहज सुचते. ती कोणाला लावायची, हे मात्र गुरुत्वाकर्षण ठरवत नाही. ते माणसे ठरवतात आणि मग आपण ठरवले हे लपवतात.

१४/१६
हे लपवणे आपल्याकडे किती खोल गेले, ते 'उच्च' आणि 'नीच' या शब्दांत दिसते. पाणिनीच्या व्याकरणात उच्च आणि नीच यांचे नाते स्वरांशी आहे : उदात्त उच्च, अनुदात्त नीच. तेथे अनुदात्त हा हीन स्वर नाही. दोन्हींवाचून वेदपाठ होतच नाही. हेच शब्द माणसांना लावले गेले आणि 'वरची जात', 'खालची जात' अशी बोली रूढ झाली. भाषेने जातिव्यवस्था निर्माण केली, असे मी म्हणत नाही. पण माणसांनी रचलेल्या उतरंडीला भाषेने डोंगरउताराचे रूप दिले आणि उतार म्हटला की त्याला कोणी जाब विचारत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या रचनेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. 'श्रेणी' या शब्दाने ती पुन्हा माणसाची कृती ठरते; पायऱ्या कोणीतरी बांधलेल्या असतात.

१५/१६
२० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी तेथील पाणी प्राशन केले. महाड सह्याद्रीच्या पायथ्याला, तळकोकणाच्या वाटेवर आहे. त्या दिवशी विरोध करणारे आणि पाणी पिणारे एकाच सपाटीवर उभे होते. स्वतःला 'वरचे' म्हणवणाऱ्यांच्या पायाखाली बोटभरही अधिक उंच जमीन नव्हती. तळ्याचे पाणी तर निसर्गनियमानेच सर्व काठांना समपातळीत असते. ज्या उंचीसाठी एवढा हिंसक विरोध झाला, ती केवळ शब्दांत आणि त्या शब्दांना भूमीचा आधार आहे या समजुतीत होती.

१६/१६
म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने 'वरचा', 'उच्च', 'श्रेष्ठ' असे शब्द दिसताच दोन प्रश्न विचारावेत. ही उंची मीटरमध्ये मोजता येते का? येत नसेल, तर लांब रेघ कोणी ओढली? आपल्या बहुतेक गावांत 'वरची आळी' आणि 'खालची आळी' असतात. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा ओढ्याचे पाणी कोणीकडे वाहते ते पाहून या. काही ठिकाणी नाव आणि उतार जुळतील, तो भूगोल. जिथे जुळणार नाहीत, तिथे थांबा आणि जुन्या माणसांना विचारा. काय सापडले, ते या धाग्याखाली जरूर लिहा.