साकीचे फूल आणि नोदोकाचे गणित



जपानी चित्रकथा आणि त्यांवर बेतलेल्या मालिका तुमच्यापैकी अनेकजण आवडीने पाहतात. त्यांतील 'साकी' ही एक. कोबायाशी रित्सु यांची ही चित्रकथा २००६ साली 'यंग गांगान' या नियतकालिकातून येऊ लागली आणि २००९ साली तिची मालिका झाली. नायिका मियानागा साकी ही नागानो प्रांतातील कियोसुमी नावाच्या हायस्कुलातली विद्यार्थिनी. आपल्या शाळा खो-खोच्या सामन्यांना जातात तशा या कथेतील शाळा माजाँग या खेळाच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी झटतात.

या कथेचा आनंद अवश्य घ्या. परंतु विचार करताना मात्र साकीच्या बाजूने उभे राहू नका, तिची मैत्रीण हारामुरा नोदोका हिच्या बाजूने उभे राहा, असे माझे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी खेळ समजून घेऊ.

माजाँगमध्ये चार खेळाडू असतात आणि १३६ सोंगट्या. सोंगट्यांचे प्रकार ३४, प्रत्येक प्रकाराच्या चार. त्या पालथ्या घालून मिसळतात आणि त्यांची भिंत रचतात. प्रत्येकाच्या हाती १३ सोंगट्या असतात. पाळी आली की भिंतीतील एक उचलायची आणि नको असलेली एक टाकायची. तिनाचे चार संच आणि एक जोडी जुळली की डाव जिंकला. आपल्या रमीचाच हा भाऊबंद म्हणा ना!

आता एक खास नियम. एकाच प्रकारच्या चारही सोंगट्या हाती आल्या तर खेळाडू त्यांचा चौघांचा संच जाहीर करू शकतो. त्याला 'कान' म्हणतात. एक सोंगटी जास्त खर्ची पडल्यामुळे त्याला भिंतीच्या टोकाला राखून ठेवलेल्या १४ सोंगट्यांच्या भागातून एक बदली सोंगटी मिळते. नेमक्या त्याच सोंगटीने डाव पुरा झाला तर त्या विजयाला 'रिंशान काइहोओ' असे सुंदर नाव आहे. त्याचा अर्थ, शिखरावर उमललेले फूल. साकी या नावासाठी लिहिले जाणारे अक्षरही 'उमलणे' याच अर्थाचे आहे. आणि कथेतील साकी हे फूल जवळजवळ हवे तेव्हा उमलवते.

हे कितपत शक्य आहे? चला, हिशेब करू. समजा, साकीला तिच्या स्वतःच्या १४ सोंगट्या, भिंतीवर उघड्या ठेवलेल्या २ आणि सर्वांनी टाकलेल्या ३० दिसत आहेत. एकूण ४६. म्हणजे न दिसणाऱ्या राहिल्या ९०. डाव पुरा करू शकतील अशा सोंगट्या त्यांत ६ आहेत असे धरू. प्रतिस्पर्धी काय टाकतात यावरून थोडाफार अंदाज बांधता येतो, तो तूर्त सोडून देऊ. मग बदली सोंगटी हवी तीच असण्याची संभाव्यता ६ भागिले ९०, म्हणजे १५ मध्ये १.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सोंगटी भिंतीच्या टोकावरून उचलली काय किंवा नेहमीच्या जागेवरून उचलली काय, संभाव्यता तीच राहते. न पाहिलेल्या सोंगट्यांपैकी कोणती कोठे आहे हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून आपल्या दृष्टीने सर्व जागा सारख्याच. शिखराला वेगळा सुगंध नाही! आणि असे फूल सलग पाच वेळा उमलायचे असेल तर १५ ला १५ ने गुणत जा. उत्तर येते ७,५९,३७५ मध्ये १.

मग साकीला हे जमते कसे? उघड आहे. तिच्या सोंगट्या कोणी मिसळलेल्या नाहीत, त्या लेखकाने एकेक करून रचल्या आहेत. यात लेखकाचा काही दोष नाही. परीकथेत गालिचा उडतो म्हणून आपण गुरुत्वाकर्षणाची तक्रार करत नाही. तक्रार तेव्हा करावी लागते, जेव्हा गालिच्यावर बसून कोणी खरोखरच गच्चीवरून उडी मारू लागतो.

या कथेत नोदोका आहे ती त्यासाठीच. माध्यमिक शाळांच्या स्पर्धेतील ती राष्ट्रीय विजेती. अद्‌भुत शक्ती वगैरे काही नसते, असे ती ठामपणे म्हणते. प्रत्येक वेळी किती सोंगट्या उपयोगाच्या आहेत हे मोजायचे आणि जास्त शक्यता जिकडे तिकडे जायचे, ही तिची रीत. याउलट आमाए कोरोमो नावाच्या खेळाडूचे सामर्थ्य पौर्णिमेला वाढते असे कथेत दाखवले आहे. चंद्राचे आकर्षण खरे आहे, त्याने समुद्राला भरती येते. पण ते सर्व सोंगट्यांवर सारखेच असते. सोंगटीच्या पोटावर कोणते चित्र कोरले आहे हे चंद्राला वाचता येत नाही.

तुम्ही म्हणाल, "पण सर, कथेत तर साकीच जिंकते!" हाच खरा प्रश्न आहे, आणि तो कथेपुरता नाही.

समजा, एका खेळाडूने ६ सोंगट्यांपैकी कोणतीही आली तर जिंकता येईल अशी मांडणी केली आणि दुसऱ्याने २ सोंगट्यांची. दुसरा आज जिंकूही शकतो. म्हणून त्याचा निर्णय बरोबर ठरत नाही. एका डावाची साक्ष फार कच्ची असते. शंभरात ५५ डाव जिंकण्याची कुवत असलेला खेळाडू घ्या. १०० डावांत त्याची सरासरी आघाडी निम्म्याहून ५ डावांची. पण नुसत्या योगायोगाने होणारा चढउतारही साधारण ५ डावांचाच असतो. कौशल्य कोणते आणि नशीब कोणते, हे ओळखू येत नाही. आता २,५०० डाव खेळू द्या. आघाडी १२५ डावांची होते आणि चढउतार फक्त २५ च्या आसपास राहतो. डावांची संख्या २५ पट झाली की आघाडी २५ पट होते, पण चढउतार ५ पटच वाढतो. योगायोग वर्गमुळाच्या चालीने चालतो, म्हणून कौशल्य त्याला अखेर मागे टाकते.

याचा दाखलाही आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तयार केलेला 'सुफेक्स' हा संगणक-कार्यक्रम जपानच्या 'तेन्‌हो' या खेळमंचावर ५,००० हून अधिक डाव खेळला आणि २०१९ साली दहाव्या दानच्या श्रेणीला पोहोचला. त्याला चंद्र ठाऊक नाही, शुभशकुन ठाऊक नाही.

आता परीक्षेकडे या. निम्माच अभ्यास करून गेलेल्या मुलाला नेमके तेच प्रश्न येतात आणि तो वर्गात ऐटीत सांगतो, "मला आधीच कळले होते!" हा दोन सोंगट्यांचा खेळाडू. पुढच्या वर्षी तो पुन्हा तेच करील, आणि त्याचे ऐकून आणखी चौघे करतील. दुसरीकडे, सारा अभ्यास मन लावून केलेल्या मुलीचा एक पेपर बिघडतो आणि घरीदारी तिला ऐकवले जाते की तुझ्या नशिबातच नाही. तीही ते खरे मानू लागते. माझ्या मते ही दुसरी हानी पहिलीपेक्षा मोठी आहे. शिक्षकांना माझी विनंती आहे की गुणपत्रिका हाती देताना 'किती पडले' याबरोबर 'तयारी कशी केली होती' हेही विचारावे.

मग परीक्षेला नेहमीचे आवडते पेन न्यावे की नाही? नोदोकाकडेच पाहा. एवढी काटेकोर मुलगी, पण स्पर्धेत खेळताना कापडी पेंग्विन कवटाळून बसते! घरी संगणकावर ती जशी शांतपणे खेळते, तशी सर्वांसमोर खेळता यावे म्हणून. पेंग्विनमुळे सोंगट्या बदलत नाहीत, तिचे मन स्थिर होते. पेनाने तुमचा हात स्थिर होत असेल तर खुशाल न्या. मात्र पेनामुळे प्रश्नपत्रिका सोपी येईल असे समजू नका, आणि पेन हरवले म्हणून रडू नका.

शेवटी एक प्रयोग. वर्गात कोणी "मला पान ओळखता येते" म्हणत असेल तर पत्त्यांचा जोड घ्या. दर वेळी सर्व ५२ पाने नीट पिसून एक पान काढा. मात्र ते उलटण्यापूर्वी त्याचा रंग बदाम, चौकट, किलवर की इस्पिक हा अंदाज वहीत लिहून ठेवा. असे १०० वेळा करा. नुसत्या अंदाजाने २५ च्या आसपास, बहुधा १६ ते ३४ च्या दरम्यान, उत्तरे बरोबर येतील. एखाद्याची ४० आली तर टाळ्या वाजवण्याआधी आणखी १०० वेळा करायला सांगा. आणि चुकलेले अंदाजही तितक्याच प्रामाणिकपणे लिहा, कारण शकुनांवरचा विश्वास टिकतो तो न लिहिलेल्या चुकांच्या आधारावर.