पैसे मराठीत घेता, मग अट इंग्रजीत का?

मंडळी, लग्नसराई आणि सुट्ट्यांची बुकिंगं सुरू झाली की दरवर्षी तेच ऐकतो, म्हणून यंदा लिहूनच टाकतो. थोडं लांब आहे, वाचा.

प्रवासातल्या इंग्रजीबद्दल बोललं की आपल्याकडे एकच उत्तर मिळतं, "भाऊ, जमाना बदलला, शिकून घ्या ना थोडी इंग्रजी." शिका ना, जरूर शिका. माझा झगडा इंग्रजीशी नाही. झगडा आहे तो खोली आणि तिकीट विकणाऱ्यांशी. जाहिरात मराठीत करता, फोनवर मराठीत "सर, आजच करून टाका" म्हणता. आणि पैसे कधी बुडतील ती अट तेवढी इंग्रजीत, बारीक अक्षरात?

कळमना मार्केटात एका अडत्याकडे काम करणाऱ्या माणसाचं सांगतो. बायकोच्या तपासणीसाठी मुंबईत दोन रात्रींची खोली घेतली, मोबाईलवर, दहावीतल्या पोराच्या मदतीनं. दवाखान्यानं तारीख पुढे ढकलली. खोलीचे पैसे गेले, सगळेच. त्या स्वस्त भावाखाली 'नॉन-रिफंडेबल' लिहिलं होतं. पोराला वाटलं, ही सवलतीचीच काहीतरी खूण असंल. आता त्या पोराला बाप रोज बोलतो. मला सांगा, चूक पोराची कशी? 'पैसे परत मिळणार नाहीत' हे चार शब्द लिहायला त्या कंपनीला किती खर्च आला असता?

गल्लोगल्ली स्पोकन इंग्लिशचे क्लास आहेत. तिथं प्रवासाचा धडा असतो. 'मला एक खोली हवी आहे', 'विमानतळ किती लांब आहे', हे पाठ करून घेतात. अरे बाप्पा, आता खोली बोलून कोण घेतो? अंगठ्यानं घेतो. तिथं लागणारे शब्द वेगळेच. 'नो-शो' म्हंजे तुम्ही आलाच नाहीत, पैसे कापले. 'डबल ऑक्युपन्सी' म्हंजे भाव दोघांचा धरलाय, तिसऱ्याचे वेगळे द्या. लॉजवाले आणि टूरवाले सीपी, एमएपी असं लिहितात. सीपीत फक्त नाश्ता, एमएपीत नाश्ता आणि एक जेवण, ईपीत नुसती खोली. नावं युरोपियन, कॉन्टिनेन्टल, अमेरिकन. जाणार आपण महाबळेश्वरला.

त्यात आपलं मराठी इंग्रजी निराळंच. आपल्याकडे हॉटेल म्हंजे जिथं चहा-पोहे मिळतात ते, मुक्कामाला लॉज. 'बोर्डिंग' एकच शब्द, पण लॉजच्या पाटीवर तो जेवण, तिकिटावर गाडीत चढायचं स्टेशन आणि आमच्या लहानपणी पोरांना ठेवायचं वसतिगृह. ज्याला तिन्ही माहीत, तोच गोंधळतो. ह्यावर हसू नका.

रेल्वेचं तर काय सांगावं. तिकिटाच्या मेसेजमध्ये पीएनआर, डीओजे, डब्ल्यूएल, आरएसी, सगळी आद्याक्षरं. आरएसी म्हंजे बसायची जागा पक्की. बाजूच्या खालच्या बर्थवर दोघं बसायचं, कोणी तिकीट रद्द केलं तर झोपायला मिळेल. हे कितीजणांना माहीत आहे? ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट झाल्यावरही पूर्ण वेटिंगच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं. पैसे खात्यात येतात, पण त्या तिकिटावर गाडीत चढता येत नाही. आपला माणूस म्हणतो, "चढू तं सही, टीसीशी बोलू." आणि दंड भरतो. रात्री बाराची भानगड अजून वेगळी. 12 तारखेची 00.20 ची गाडी म्हंजे 11 तारखेला रात्री जेवून निघायचं. आपल्या बोलण्यात तारीख झोपून उठल्यावर बदलते, हे तिकीट बनवणाऱ्याच्या गावीही नाही.

बरं, रेल्वेला सोपं लिहिता येत नाही असंही नाही. 1997 मध्ये 'तत्काल' आणलं. एका शब्दात हमालापासून वकिलापर्यंत सगळ्यांना कळलं. म्हणून मला ते 'रद्दीकरणसापेक्ष आरक्षण' छापाचं सरकारी मराठी नको आहे. ते इंग्रजीपेक्षा वाईट. 'बसायची जागा पक्की, झोपायची नाही' असं लिहा.

केंद्र सरकारनं 2023 मध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या युक्त्यांवर नियम काढले. 13 प्रकार दिलेत. 'फक्त दोनच खोल्या उरल्या' अशी खोटी घाई, न विचारता विमा जोडणं, शेवटी भाव वाढवणं, गोंधळात टाकणारी शब्दरचना, सगळं आहे. पण ग्राहकाला न येणाऱ्या भाषेत अट टाकणं हा त्यात वेगळा प्रकार नाही. माझ्या मते तो पहिला असायला पायजे होता. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात झाली, आपण पेढे वाटले. अभिजात भाषेत साधी 'पैसे परत नाही' ही ओळ का मिळत नाही, हे त्या दिवशी व्यासपीठावर बसलेल्यांनी सांगावं.

एका लॉजवाल्या मित्राचं म्हणणं, "मराठीत लिहिलं तरी गिऱ्हाईक वाचत नाही." अर्धं खरं आहे. पण मराठीत लिहिलेलं न वाचणारा स्वतःच्या जबाबदारीवर पैसे बुडवतो. इंग्रजीत लिहिलेलं न कळणाऱ्याकडून तुम्ही ते काढून घेता. ह्या दोन गोष्टी एक नाहीत.

नागपुरात रेल्वेच्या दोन विभागांची मुख्यालयं आहेत, मध्य आणि दक्षिण पूर्व मध्य. आपलं कळमना स्टेशन दुसऱ्यात येतं. दोन्हीकडे प्रवासी सल्लागार समित्या आहेत, त्यात आपलेच लोक बसतात. पुढच्या बैठकीत एकच मुद्दा मांडा: महाराष्ट्रातल्या प्रवाशाला वेटिंग, आरएसी आणि परताव्याचा मेसेज मराठीतही यावा. समितीतले दोघं-तिघं ही पोस्ट वाचतात, मला माहीत आहे. मांडला की कळवा, उत्तर काय आलं ते इथंच लिहितो.

आणि तुमचे पैसे कोणत्या शब्दापायी गेले तो शब्द खाली टाका. नाव-गाव नको, नुसता शब्द आणि रक्कम.