पोटदुखी आणि एरंडेल

मूल पोट धरून बसलें कीं आपल्या घरीं ओवा, शेक आणि एरंडेल हे तीन वैद्य तत्काळ उभे राहतात. साध्या अपचनास ओवा पुरे. परंतु जी कळ बेंबीभोवतीं उठून कांहीं तासांनीं उजव्या ओटीपोटांत स्थिरावते, चालतांना वाढते, आणि जिच्यासवें ओकारी व ज्वर येतो, ती अपेंडिक्सची असूं शकते. तेथें रेचक दिल्यास तें फुटण्याचें भय असतें. १९०२ सालीं सातव्या एडवर्ड बादशहाचा २६ जूनचा राज्याभिषेक याच विकारामुळें पुढें ढकलला गेला. २४ जूनला शस्त्रक्रिया होऊन ९ ऑगस्टला अभिषेक झाला. बादशहाचा समारंभ थांबतो, तर शाळेची परीक्षा कां थांबूं नये? विद्यार्थ्यांनीं दुखणें लपवूं नये, व पालकांनीं सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गाठावें, अशी आमची विनंती आहे.